न फिरणारी तबकडी किती टिकते?

गेल्या वैशाखात आम्ही सहकुटुंब औंढा नागनाथला गेलो होतो. आमचे थोरले बंधू तेथे शाळामास्तर होते, आणि निवृत्त झाल्यावर गावाचा लळा न सुटल्यामुळे तेथेच घर बांधून राहिले. हिंगोली जिल्ह्यातला वैशाख म्हणजे काय चीज आहे हे ज्याने तो सोसला आहे त्यालाच ठाऊक! पारा चाळिशी ओलांडून वर गेलेला, रस्त्यावर चिटपाखरू नाही आणि घरात पंख्याचा वारासुद्धा भट्टीतून आल्यासारखा. वहिनींनी पन्ह्याचे पेले पुढे केले आणि दादा म्हणाले, "चला, आज तुम्हांला आबांचा हरिपाठ ऐकवतो."

आमचे वडील, म्हणजे आबा, २०१९ साली गेले. त्यांच्या शेवटच्या दोन वर्षांत दादांच्या चिरंजीवांनी त्यांचा आवाज जमेल तसा टिपून ठेवला होता. हरिपाठ, जुन्या गोष्टी, मध्येच येणारा खोकला, "अरे, चहा झाला का?" ही हाक, असे एकंदर बेचाळीस तुकडे. दादांनी नवा संगणक घेतला तेव्हा जुन्या संगणकातली डिस्क काढून, एका डबीत बसवून, लोखंडी कपाटात दागिन्यांच्या शेजारी ठेवून दिली. त्या गोष्टीला तीन उन्हाळे उलटले होते.

डबी संगणकाला जोडली. यादी दिसली. बेचाळिसांपैकी तेहतीस तुकडे सुरळीत वाजले. नऊ काही केल्या उघडेनात. दादांचा चेहरा पाहवेना. "अरे, हिच्यात काही फिरत नाही, काही झिजत नाही, असे दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितले होते," ते म्हणाले. "मी तर जास्त लिहिल्याने झिजते असे ऐकून तिच्यावर फार काही लिहूही दिले नाही. इतकी जपली आणि शेवटी हे!"

दादांचे हे शब्द मला पुण्याला परतल्यावरही स्वस्थ बसू देईनात. चिरंजीव पुण्यातच संगणकाच्या नोकरीत आहेत. त्यांच्यामागे लागून आणि चार ठिकाणचे वाचून मी या विषयाचा जो छडा लावला, तो वाचकांपुढे ठेवतो. कारण अशी डिस्क आज बहुतेक घरांत आहे, आणि दादांची समजूत बहुतेक घरांत आहे.

पेव आणि त्याचे झाकण

जुन्या संगणकांत गरगर फिरणारी चुंबकीय तबकडी असे. तिची जागा घेणाऱ्या या नव्या वस्तूला सॉलिड स्टेट ड्राइव्ह, थोडक्यात एसएसडी म्हणतात. तिच्यात खरोखरच काही फिरत नाही. तिची मुळे जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधलेल्या 'फ्लॅश' स्मृतीत आहेत.

मराठवाड्यात पूर्वी ज्वारी जमिनीखालच्या पेवात साठवीत. या डिस्कमध्ये तशीच अतिसूक्ष्म पेवे असतात, आणि त्यांत ज्वारीऐवजी इलेक्ट्रॉन भरतात. पेवाभोवती अत्यंत पातळ असा विद्युत्‌रोधक थर असतो. लिहिताना जोरदार विद्युत्‌दाबाने इलेक्ट्रॉन त्या थरातून आत ढकलायचे, पुसताना उलट बाहेर ओढायचे. वीज बंद केली तरी भरलेले पेव भरलेले राहते, म्हणून मजकूर टिकतो. पण दर खेपेला त्या थराला थोडी इजा होते. हजारो खेपांनंतर थर इतका जर्जर होतो की पेव गळू लागते. यालाच या डिस्कची झीज म्हणतात.

दुसरी गोष्ट अशी की पूर्वी एका पेवात 'भरले' आणि 'रिकामे' एवढ्या दोनच खुणा पाहत. स्वस्ताई साधण्यासाठी पुढे एकाच पेवात चार, मग आठ आणि आता सोळा पातळ्या मोजतात. आठ पातळ्यांत इलेक्ट्रॉन थोडे जरी गळाले तरी पाचवी खूण चौथी भासते आणि अक्षर बदलते. म्हणूनच दोन पातळ्यांचे पेव लाखभर खेपा सोसते असा हिशेब सांगतात, तर आठ पातळ्यांच्या पेवाचा हिशेब हजाराच्या घरात येतो.

यावर तोड म्हणून डिस्कमध्ये एक छोटा कारभारी बसवलेला असतो. देवळात पुजाऱ्यांच्या पाळ्या लावतात तशा तो पेवांच्या पाळ्या लावतो, म्हणजे एकाच पेवावर सारा भार पडत नाही. शिवाय काही पेवे तो राखीव ठेवतो आणि थकलेल्यांच्या जागी ती घालतो.

सहा डिस्कांचा छळ

मग असली डिस्क प्रत्यक्षात सोसते तरी किती? 'द टेक रिपोर्ट' नावाच्या एका अमेरिकन प्रकाशनाने ऑगस्ट २०१३ मध्ये याचा निकाल लावायचे ठरवले. बाजारात कोणालाही मिळतील अशा सहा डिस्का त्यांनी घेतल्या : इंटेलची एक, कोर्सेअरची एक, सॅमसंगच्या दोन वेगळ्या नमुन्यांच्या आणि किंग्स्टनच्या एकाच नमुन्याच्या दोन. प्रत्येकीची क्षमता सुमारे २४० ते २५६ गिगाबाइट. त्यांच्यावर रात्रंदिवस लिहायचे, पुसायचे, पुन्हा लिहायचे, असा क्रम लावून दिला. ठरावीक टप्प्यांवर थांबून, ठेवलेली फाइल मूळ फाइलशी अक्षरन्‌अक्षर जुळते की नाही हे ताळा घेऊन पाहायचे, आणि डिस्क प्राण सोडीपर्यंत हे चालू ठेवायचे. हा छळ मार्च २०१५ पर्यंत, म्हणजे दीड वर्षाहून अधिक काळ चालला.

त्या इंटेल डिस्कची हमी रोज २० गिगाबाइट याप्रमाणे तीन वर्षांची, म्हणजे सुमारे २२ टेराबाइटची होती. तिने ७०० टेराबाइट ओलांडले आणि मगच ती थांबली. किंग्स्टनची एक ७२८ टेराबाइटला गेली. तिचीच जुळी बहीण, जिला आवळून लहान करता येईल असा मजकूर दिला होता, ती २१०० टेराबाइट पार करून गेली. आठ पातळ्यांची सॅमसंग ९०० नंतर पडली, कोर्सेअर हजार ओलांडून गेली, आणि सॅमसंगचा भारी नमुना २४०० टेराबाइटपर्यंत पोचला.

आता घरचा हिशेब करू. दादांसारख्या गृहस्थाने रोज २० गिगाबाइट लिहिले, आणि इतके तो कधीच लिहीत नाही, तरी ७०० टेराबाइट भरायला सुमारे ९५ वर्षे लागतील. २४०० भरायला सव्वातीनशेच्या वर! आजच्या एका टेराबाइटच्या कितीतरी डिस्कांवर कंपनीच ६०० टेराबाइट लेखनाची हमी देते.

अर्थात, सहा डिस्कांवरून साऱ्या बाजाराचे भविष्य सांगता येत नाही. त्या डिस्का २०१३ च्या होत्या; आजच्या स्वस्त डिस्कांची सोळा पातळ्यांची पेवे त्याहून नाजूक असतात. तरीही घरगुती वापराने डिस्क 'लिहून लिहून' संपेल ही भीती बव्हंशी फोल आहे, एवढे निश्चित. दादांनी लेखणी आवरली ती व्यर्थच.

मेली कशी, हे पाहा

आकड्यांपेक्षा मला अधिक शिकवून गेली ती या डिस्कांच्या मरणाची तऱ्हा. आठ पातळ्यांच्या सॅमसंगने ३०० टेराबाइटच्या सुमारास एकदा जपून ठेवायला दिलेली फाइलच चुकीची परत केली, आणि त्यानंतरही सहाशे टेराबाइट ती काही झालेच नाही अशा थाटात चालत राहिली. शेवटी ९०० च्या पुढे ती काही पूर्वसूचना न देता एकाएकी गेली. इंटेलच्या डिस्कची रचनाच अशी की आयुष्य संपले असे तिला वाटले की ती लिहून घेणे बंद करते, आणि संगणक एकदा बंद करून चालू केला की तिच्यावरचे काहीच हाती लागत नाही. फिरणारी तबकडी जाताना पुष्कळदा खडखडाट करी, घरच्यांना सावध करी. ही मात्र मुकाट्याने जाते.

आणि दादांच्या डिस्कचा मुद्दा तर याहूनही वेगळा. ती लिहून झिजलेली नव्हती. ती कपाटात पडून होती. या उद्योगाची मानके ठरवणारी 'जेडेक' नावाची संस्था आहे. घरगुती डिस्कसाठी तिचे मानक असे : हमीइतके सारे लेखन करून घेतल्यानंतर, वीज न देता ३० अंश तापमानात ठेवली असता डिस्कने मजकूर एक वर्ष सांभाळावा. नव्या किंवा थोड्या वापरलेल्या डिस्कचा थर धड असतो, तेव्हा ती त्याहून पुष्कळ अधिक काळ सांभाळते. पण त्या मानकातला '३० अंश' हा आकडा नीट पाहा. उष्णता वाढली की इलेक्ट्रॉन भराभर गळतात. ही गोष्ट इतकी पक्की आहे की वर्षांची परीक्षा थोडक्या काळात घ्यायची असली की कारखानदार डिस्क भट्टीत तापवतात. औंढ्याचे पत्र्याच्या खोलीतले लोखंडी कपाट वैशाखात काय असते, ते मी वेगळे सांगायला नको.

चिरंजीवांना मी विचारले, "म्हणजे उष्णतेनेच हे झाले म्हणायचे?"

"तसे ठाम सांगता येणार नाही, काका," ते म्हणाले. "डिस्क जुनी होती. एखादा भाग मुळातच अधू असेल, डबीत बिघाड असेल. पण तीन वर्षे न उघडता, उन्हाळ्यात तापत, आणि एकच प्रत! यातले शेवटचे सगळ्यांत वाईट."

एकच प्रत

औंढ्याच्या मुक्कामात संध्याकाळी ऊन कलल्यावर आम्ही देवळात गेलो होतो. नागनाथाला भाविक बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानतात. देवळाचा खालचा भाग कोरीव काळ्या दगडाचा, आणि वरचा भाग नंतरच्या बांधणीचा, हा फरक डोळ्यांना सहज दिसतो. दगडही एकदा घडवून कायमचा टिकत नाही. मोडला की कोणीतरी तो पुन्हा बांधावा लागतो. याच देवळात नामदेवांना विसोबा खेचर गुरू भेटले आणि नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरले, म्हणून नंदी पाठीमागे राहिला, अशी कथा तेथे सांगतात. नामदेवांचे जन्मगाव म्हणून मानले जाणारे नर्सीही याच जिल्ह्यात आहे.

नामदेवांचे शब्द सातशे वर्षे कसे टिकले? कोणत्याही एका पोथीच्या कागदात तेवढे बळ नव्हते. ते वारकऱ्यांनी मुखोद्गत केले, पोथ्यांवरून पोथ्या उतरल्या आणि थेट पंजाबात पोचले. १६०४ मध्ये सिद्ध झालेल्या आदिग्रंथात त्यांची पदे आहेत. येथली पोथी कसरीने खाल्ली तरी तेथली शाबूत राहिली.

दुसऱ्या दिवशी दादांनी आम्हांला दुधाळ्याच्या बाजूला नेले. तेथे 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा व्हायची आहे. २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा काटकोनात पसरतील. अमेरिकेतल्या तिच्या दोन बहिणींनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर टिपली. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली, त्याची ती थरथर होती. अशी लहर एकदाच येते आणि निघून जाते. तिची नोंद हरवली तर पुन्हा ये म्हणून सांगता येत नाही. म्हणून या वेधशाळांच्या नोंदी जेथे टिपल्या जातात तेथेच ठेवून कोणी स्वस्थ बसत नाही. त्यांच्या प्रती दूरच्या संगणक केंद्रांत जातात.

आबांचा आवाजही तसाच एकदाच आलेला. तो मात्र आम्ही एका डबीत ठेवून निर्धास्त झालो होतो!

घरासाठी चार गोष्टी

नऊ तुकड्यांचे पुढे काय झाले, ते सांगायला हवे. आबा गेले त्या वर्षी चिरंजीवांनी काही तुकडे नातेवाइकांना पाठवले होते. नांदेडला आमच्या आत्या आहेत, वय ब्याऐंशी. त्यांना फोनमधले काही पुसता येत नाही, म्हणून त्यांनी काहीच पुसले नव्हते! नवांपैकी सात तुकडे त्यांच्या फोनमध्ये निघाले. दोन मात्र कायमचे गेले. त्यांपैकी एकात आबांनी आपल्या लहानपणच्या पुराची हकीकत सांगितली होती. ती आता आम्हांला अर्धवट आठवते तेवढीच.

यावरून आम्ही घरी जे नियम घातले, ते वाचकांच्याही उपयोगी पडतील. रोजच्या कामाला एसएसडी बेलाशक वापरावी. लिहायला कचरू नये. पण वर्षानुवर्षे कपाटात ठेवायचे ते एकट्या एसएसडीवर ठेवू नये. एक प्रत फिरत्या तबकडीच्या डिस्कवर असावी. तिसरी प्रत घराबाहेर, दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे किंवा भाड्याच्या साठ्यात असावी. डिस्क माळ्यावर किंवा पत्र्याखाली ठेवू नये. घरातल्या गारव्याच्या खोलीत ठेवावी. आणि वर्षातून एकदा नुसती जोडून दिवा लागला म्हणून समाधान न मानता, फाइली उघडून पाहाव्या आणि नव्याने उतरवून घ्याव्या.

हे करायला दिवस कोणता, असा प्रश्न निघाला तेव्हा वहिनी म्हणाल्या, "वहीपूजनाचा! दुकानदार त्या दिवशी नवी वही घालतात, आपण नवी प्रत घालू." दादांनी तसे पंचांगावर लिहूनही ठेवले आहे. यंदाच्या लक्ष्मीपूजनाला औंढ्यात, पुण्यात आणि नांदेडात तिन्ही घरी उरलेले चाळीस तुकडे उघडून ऐकायचे ठरले आहे. आत्यांनी मात्र बजावून सांगितले आहे, "माझ्या फोनला कोणी हात लावायचा नाही."