गायक-नटाची वाट : शंकरराव सप्रे यांचे दोन शिष्य

रंगभूमी व चित्रपट या क्षेत्रांत नावारूपास आलेल्या कलावंतांची चरित्रे आपल्याकडे बहुधा गुणगौरवाच्या अंगाने लिहिली जातात. उपजत गळा, गुरुकृपा, हलाखीचे दिवस आणि अखेरीस कीर्ती, असा त्यांचा साचा ठरून गेलेला आहे. त्या कलावंताच्या तरुणपणी त्याच्या व्यवसायास पायऱ्या होत्या काय, आणि असल्यास त्या कोणी बांधल्या होत्या, हा प्रश्न मात्र चरित्रकार क्वचितच विचारतात. नागपूरच्या श्रीराम संगीत विद्यालयाचे शंकरराव सप्रे यांच्यापाशी ज्यांनी गाण्याचे धडे घेतले, त्यांपैकी वसंतराव देशपांडे व रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच चित्रपटसृष्टीतील सी. रामचंद्र, या दोघांचे आयुष्यक्रम शेजारी शेजारी ठेवले असता या प्रश्नाचा उलगडा पुष्कळसा होतो.

त्यासाठी प्रथम आधीच्या पिढीची व्यवस्था ध्यानात घेतली पाहिजे. संगीत नाटक मंडळी ही गाणाऱ्या मुलाच्या दृष्टीने शाळा, बिऱ्हाड आणि पेढी अशी तिन्ही होती. गळा गोड असलेला मुलगा लहान वयातच कंपनीत दाखल होई. त्याचे जेवणखाण कंपनी करी, त्याला शिकविण्यास गवई ठेवी. तो आधी बालनट, मग स्त्रीपार्टी किंवा नायक होई आणि जम बसल्यावर भागीदार वा मालक होण्याची आकांक्षा धरी. नारायणराव राजहंस १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आले. तेथे त्यांना भास्करबुवा बखल्यांची तालीम लाभली, आणि १९१३ साली गणेशराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढली. दीनानाथ मंगेशकरांनीही किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून १९१८ साली बळवंत संगीत मंडळीची उभारणी केली. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिच्यात कर्ज होते, भाऊबंदकी होती, आवाज फुटला की मुलाच्या पदरी निराशा होती. तथापि खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या मुलाला वरची पायरी दिसत असे, एवढे खरे.

१९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट आला, आणि त्यात हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबेच दिसले. नाटकवाल्यांना ती धोक्याची घंटा वाटली असल्यास नवल नाही. परंतु आरंभीच्या बोलपटात नटाला कॅमेऱ्यापुढे उभे राहून स्वतःच गावे लागे; त्यामुळे गाणाऱ्या मुलांची गरज तेथेही होती. भालजी पेंढारकरांनी ‘कालियामर्दन’ (१९३५) या चित्रपटात वसंतरावांना कृष्णाची भूमिका दिली, ती याच गरजेपोटी. चमत्कार असा, की रामचंद्र चितळकरांनाही वाय. व्ही. राव यांच्या ‘नागानंद’मध्ये नायकाची भूमिका मिळाली, तीही त्याच सुमारास. मंडळीची वाट खचत असताना बोलपटाची नवी वाट या दोघांपुढे उघडली, असे कोणासही वाटले असते.

परंतु त्याच १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने ‘धूपछाँव’ या चित्रपटात पार्श्वगायनाचा प्रयोग केला. गाणे आधी ध्वनिमुद्रित करावयाचे, आणि पडद्यावरील नटाने केवळ ओठ हलवावयाचे. ही सोय दिसावयास लहान. परिणाम मात्र दूरवर पोचला. गायक आणि नट हा जो एक व्यवसाय होता, त्याचे काही वर्षांत दोन व्यवसाय झाले. ज्याला चेहरा होता त्याला गळा लागेना, आणि ज्याला गळा होता त्याला रंगभूषेचे कारण उरेना. ‘गायक-नट’ या नावाखाली ज्याने शिक्षण घेतले होते, त्याला दोहोंपैकी एक निवडणे भाग पडले.

रामचंद्रांनी निवड लवकर केली. ‘नागानंद’ने त्यांना नट म्हणून उभे केले नाही. सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये किरकोळ भूमिका करीत असता ते तेथील संगीत विभागात पेटीवर बसू लागले. स्टुडिओ ही पगार देणारी संस्था होती, आणि संगीत विभागात साथीदार, साहाय्यक, दिग्दर्शक अशा पायऱ्या होत्या. मंडळीने जे नाटकात केले, ते थोड्या फरकाने स्टुडिओने येथे केले. मद्रासकडील तमिळ चित्रपटांना संगीत देऊन ते भगवान पालव यांच्या ‘सुखी जीवन’ (१९४२) पर्यंत आले. आणि पुढे ‘शहनाई’ (१९४७), ‘अलबेला’ (१९५१), ‘अनारकली’ (१९५३) ही नावे घराघरांत पोचली. सॅक्सोफोन व गिटार यांचा नाद आणि मराठी कानाला ओळखीची चाल यांची सांगड घालणाऱ्या या संगीतकाराने ‘चितळकर’ या नावाने स्वतः गायनही केले. ‘अलबेला’त पडद्यावर नाचतात भगवान आणि आवाज असतो चितळकरांचा, दुभंगलेल्या व्यवसायाचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

वसंतरावांना अशी पायरी सापडली नाही. त्यांच्या गळ्याचा पिंड दीनानाथी वळणाचा, आक्रमक, फिरत्या तानेचा. चित्रपटगीताच्या तीन मिनिटांत तो मावणारा नव्हता. ज्या मंडळीत तो खपला असता, ती मंडळी उरली नव्हती. खुद्द दीनानाथ १९४२ साली, वयाच्या अवघ्या ४१ व्या वर्षी निवर्तले. वसंतरावांनी लष्करी हिशेब खात्यात नोकरी धरली आणि सुमारे दोन तपे ती केली. वडिलांचे छत्र नसलेल्या, आईने नागपुरात वाढविलेल्या मुलाला महिन्याच्या पगाराचे मोल काय वाटले असेल, हे सांगावयास नको.

या नोकरीविषयी दोन मते संभवतात. पोटासाठी गावे लागत नसल्यामुळे त्यांना कोणा एका घराण्याची चाकरी करावी लागली नाही. लाहोरास असद अली खाँ यांच्याकडून मारवा, सुरेशबाबू माने यांच्याकडून किराण्याची गायकी, अमान अली खाँ यांच्याकडून भेंडीबाजारची, असे ते स्वेच्छेने वेचीत गेले. हे म्हणणे अगदीच निराधार नाही. परंतु त्यावरून नोकरी ही कलेस उपकारक ठरली असा निष्कर्ष काढणे म्हणजे उपासमारीचे पथ्यात रूपांतर करणे होय. गवयाचा गळा ज्या वर्षांत सर्वांत तयारीचा असतो, ती वर्षे फायलींवर गेली, आणि त्या वर्षांचे किती गाणे ऐकावयाचे राहिले याचा हिशेब कोणत्याही खात्यात लागणार नाही.

१९६७ च्या जुलै महिन्यात बालगंधर्वांचे निधन झाले. त्याच वर्षी २४ डिसेंबर रोजी ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक रंगभूमीवर आले. लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर हे नागपूरच्या रंजन कला मंदिराचे संस्थापक. संगीत जितेंद्र अभिषेकींचे, निर्मिती प्रभाकर पणशीकरांच्या नाट्यसंपदेची. वर्षानुवर्षे पराभव पत्करलेल्या खाँसाहेब आफताब हुसेन यांची भूमिका वसंतरावांनी केली, तेव्हा ते ४७ वर्षांचे होते. गाणे आणि अभिनय पुन्हा एकाच देहात पाहावयास मिळाल्यामुळे प्रेक्षकांची झुंबड उडाली, आणि बाळपणी ‘कालियामर्दन’मध्ये मिळालेली नटाची ओळख त्यांना बत्तीस वर्षांनी परत लाभली. त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९८२ साली मिळाला. दुसऱ्याच वर्षी, ३० जुलै १९८३ रोजी ते गेले.

रामचंद्रांची कथा या काळात उलट दिशेने चालली होती. हिंदी चित्रपटांतील त्यांचे काम साठनंतर ओसरू लागले. १९६३ साली दिल्लीत लता मंगेशकरांनी गायिलेल्या सुप्रसिद्ध देशभक्तिपर गीताची चाल त्यांचीच असली, तरी ते चित्रपटगीत नव्हते. त्यानंतर त्यांनी ‘धनंजय’ (१९६६) व ‘घरकुल’ (१९७०) हे मराठी चित्रपट स्वतः काढले, त्यांना संगीत दिले, आणि त्यांत भूमिकाही केल्या. ‘नागानंद’च्या अपयशानंतर तीस वर्षांनी त्यांनी पुन्हा तोंडाला रंग लावला, तोही स्वतःच्या पैशाने.