खताच्या खडकातील कॅडमियम

पिकांना लागणारे स्फुरद शेतापर्यंत पोहोचते ते मुख्यत्वे फॉस्फेट खडकातून. डीएपी आणि सुपर फॉस्फेट ही परिचित खते याच खडकापासून तयार होतात. मात्र स्फुरदाबरोबर कॅडमियम, युरेनियम यांसारखे धातूही अल्प प्रमाणात या खडकातून येतात.

याचे मूळ खडकाच्या निर्मितीत आहे. जगातील बहुतांश फॉस्फेट खडक प्राचीन समुद्रतळावर तयार झाला. खोल समुद्रातील पोषक पाणी जेथे वर येते, तेथे सूक्ष्म प्लवक विपुल वाढतात. ते पाण्यातील स्फुरदाबरोबर कॅडमियमही शोषून घेतात. मृत प्लवक तळाशी साचून कुजले, की मुक्त झालेले स्फुरद गाळात ॲपेटाइट या खनिजाच्या रूपाने स्थिरावते. या खनिजाच्या स्फटिकात कॅल्शियमची जागा इतर धातूही घेऊ शकतात. भूकवचात युरेनियमचे सरासरी प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ३ भाग असते. सागरी फॉस्फेटमध्ये ते बहुधा ५० ते २०० भरते. याउलट रशियाच्या कोला द्वीपकल्पातील फॉस्फेट शिलारसापासून बनलेले असल्याने त्यात कॅडमियम अत्यल्प आढळते.

कारखान्यात खडकावर गंधकाम्लाची प्रक्रिया करून फॉस्फोरिक आम्ल मिळवतात. त्या वेळी रेडियम जिप्समच्या ढिगात राहते, तर युरेनियम प्रामुख्याने आम्लात उतरते. अमेरिकेतील फ्लोरिडात विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत अशा आम्लातून युरेनियम व्यापारी तत्त्वावर काढलेही जात असे. कॅडमियमचा मोठा वाटा मात्र आम्लावाटे खतात जातो.

एका हंगामात जमिनीत पडणारी कॅडमियमची मात्रा किरकोळ असते. परंतु हा धातू विघटन पावत नाही. तो मातीत साठतो, आम्लधर्मी जमिनीतून पिकांत सहज शिरतो आणि अन्नावाटे शरीरात गेल्यावर मूत्रपिंडात अनेक वर्षे राहतो. म्हणूनच युरोपीय संघाने जुलै २०२२ पासून फॉस्फेट खतांत दर किलो फॉस्फरस पेंटॉक्साइडमागे ६० मिलिग्रॅम कॅडमियमची कमाल मर्यादा लागू केली.

कॅडमियम वेगळे काढण्याच्या पद्धती आहेत, पण त्या खर्चिक आहेत. त्यामुळे कमी कॅडमियमचा खडक निवडणे किंवा तो इतर खडकात मिसळणे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. जगातील ज्ञात साठ्यांपैकी सुमारे ७० टक्के साठा एकट्या मोरोक्कोकडे आहे आणि तो सागरी उगमाचाच आहे. त्यामुळे ही निवड वाटते तितकी सोपी नाही. भारतही आपल्या गरजेचा बहुतांश फॉस्फेट खडक जॉर्डन, मोरोक्को, इजिप्त आदी देशांतून आणतो. अशा स्थितीत आयात खडकाची धातूंसाठी तपासणी आणि माती परीक्षणानुसार खताची बेताची मात्रा, हे दोन उपाय आपल्या हाती उरतात.