हुशार, पण अनियमित

नंदुरबारहून सुरतेकडे निघालेली आगगाडी नवापूर ओलांडून पुढें गेली, कीं सोनगडचा किल्ला लागतो. गायकवाडांच्या राज्याचें आरंभींचें ठाणें तें हेंच. त्याच घराण्यांतील सयाजीराव महाराजांची एक हकीकत आज सांगावयाची आहे. हाताखालचा माणूस बुद्धिमान असून शिस्तीला जुमानीत नसेल, तर वरिष्ठानें काय करावें, हा प्रश्न कचेरी, शाळा वा पेढी कोणालाहि चुकलेला नाहीं.

अरविंद घोष विलायतेंत सनदी नोकरीची लेखी परीक्षा उत्तीर्ण झाले, पण घोड्यावर बसण्याच्या परीक्षेंत ते अडकले. महाराज तेव्हां लंडनमध्यें होते. त्यांनीं दरमहा २०० रुपयांवर त्यांस आपल्या सेवेंत घेतलें, आणि १८९३ च्या फेब्रुवारींत हा वीस वर्षांचा तरुण हिंदुस्थानांत परतला. प्रथम जमीन-मोजणी खातें, मग महसूल, मग सचिवालय. दप्तरांत त्यांचें मन रमेना. महाराजांनीं त्यांच्या बुद्धीची व योग्यतेची प्रशस्ति केली, पण वेळ न पाळणें आणि अनियमितपणा यांचीहि नोंद केली, असें खुद्द अरविंदांनींच पुढें लिहून ठेवलें आहे.

मला या नोंदीचें मोठें मोल वाटतें. गुणाआड दोष लपविला नाहीं, आणि दोषापायीं गुण बुडविला नाहीं. जेथें शब्दयोजना फार जपून करावयाची, अशीं पत्रें, भाषणें व लेख लिहावयाचे असले कीं महाराज अरविंदांस बोलावीत. खासगी चिटणीस ही नेमणूक मात्र नव्हती. पुढें कॉलेजांत प्रथम फ्रेंच व नंतर इंग्रजी शिकविण्याचें काम त्यांजकडे आलें, आणि अखेर ते उपप्राचार्य झाले. १९०३ सालीं काश्मीरच्या प्रवासांत महाराजांनीं त्यांस चिटणीस म्हणून बरोबर नेलें, तेव्हां दोघांचे खटके उडाले. तो प्रयोग पुन्हां झाला नाहीं. पण त्यापायीं नोकरीहि गेली नाहीं. १९०६ सालीं ते बंगालकडे गेले, तोंवर बडोद्यानें तेरा वर्षें त्यांच्या विद्येचा लाभ घेतला होता.

महाराजांचा हा विवेक माझ्या अंगीं नव्हता. सातपुड्यांतील एका शाळेवर मी मुख्य असतां एक तरुण साहाय्यक होते. घरीं मराठी न बोलणारीं मुलें माझ्यापुढें ओठ मिटून बसत. त्यांच्या वर्गांत तींच पावरींतून प्रश्नांवर प्रश्न विचारीत. पण हे गृहस्थ उशिरा येत, सभेंत वाद घालीत, आणि हजेरीपट कोरा ठेवीत. मीं तीन लेखी समज दिल्या आणि बदलीच्या शिफारशीचा मसुदाहि तयार केला.

तो पाठविण्यापूर्वीं, कशी बुद्धि झाली कोण जाणे, दर शनिवारीं शाळा सुटल्यावर ओसरीवर अर्धा तास त्यांच्याशीं बसावयाचें मीं ठरविलें. विचारावयाचें एवढेंच : या आठवड्यांत काय साधलें, कोठें अडलें, पुन्हां करावयाचें झाल्यास काय निराळें कराल? उत्तर मीं सुचवावयाचें नाहीं. हें शेवटचें मास्तराला फार जड जातें! दोन शनिवार ते गप्पच राहिले. तिसऱ्या शनिवारीं म्हणाले, "गुरुजी, निम्मीं मुलें आईबापांबरोबर ऊसतोडीला गुजरातेंत गेलीं आहेत. गैरहजर मांडलीं तर नांवें कमी होतील; हजर मांडलीं तर तें खोटें होईल. म्हणून रकाना कोरा ठेवला."

तीन समजा लिहितांना हें मीं एकदांहि विचारलें नव्हतें. मीं त्यांस स्पष्ट सांगितलें, कीं कोरा पट मला चालणार नाहीं. मग दोघांनीं मिळून एक निराळी वही केली : मूल कोणत्या टोळीबरोबर, कोणत्या गांवीं गेलें, मुकादम कोण, परत केव्हां येणार. ती वही त्यांनीं इतकी चोख ठेवली, कीं पावसाळ्यापूर्वीं टोळ्या परतल्या तेव्हां आम्ही घरोघर जाऊन एकेक मूल पुन्हां वर्गांत आणूं शकलों. बदलीचा मसुदा मीं फाडला.

उशिराची खोड मात्र गेली नाहीं. पहिला तास मीच घेऊं लागलों. दुसऱ्यालाहि ते वेळेवर आले नाहींत, तर मी त्यांची अर्ध्या दिवसाची रजा मांडीत असें, आणि ते निमूटपणें सही करीत.