विश्रांतीनंतरचा पहिला शॉट

दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका जेमतेम ०.५ मिलिमीटर व्यासाचा असतो. २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये अंजली भागवत अंतिम फेरीत पोचल्या आणि २०२२ मध्ये ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील कैरोला जगज्जेता झाला, ते याच प्रकारात. त्यांच्या श्वासाबद्दल, ट्रिगरवरच्या बोटाबद्दल भरपूर बोललं जातं. रायफलच्या पोटातल्या रेग्युलेटरबद्दल मात्र कोणी फारसं बोलत नाही, आणि पुण्यात शनिवार पेठेतून बालेवाडीच्या रेंजवर जाणारं पोर मधेच एखादा ९.८ मारतं तेव्हा बोलणी त्यालाच बसतात.

सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाबाची हवा भरतात. शॉटमागून शॉट हा दाब उतरत जातो, पण छर्रा दरवेळी त्याच वेगाने सुटायला हवा. ते काम रेग्युलेटरचं. आत पिस्टन असतो, त्यामागे बशीच्या आकाराच्या स्प्रिंगच्या चकत्या. पुढच्या कप्प्यात ठरलेला दाब झाला की पिस्टन चकत्यांना मागे रेटतो आणि सीटवर टेकून हवेची वाट बंद करतो.

वेग बिघडला तर किती फरक पडतो? सेकंदाला १७० मीटर वेगाचा छर्रा दहा मीटरवर पोचेपर्यंत सुमारे १७ मिलिमीटर खाली येतो. वेग पाच मीटरने घटला, तर तो आणखी एक मिलिमीटर खाली लागतो. दशांश गुणांच्या हिशेबात हे ०.४ गुण झाले, नेम तसूभरही न हलता!

दोष शोधायला रेंजच लागते असं नाही. क्रोनोग्राफ आणि भक्कम पेलेट ट्रॅप असेल, तर पेठेतल्या छोट्या खोलीतही वेग मोजता येतो. तिथे कोणाची ये-जा नसावी एवढी खात्री हवी. आधी गेज बघा. सिलिंडरचा दाब रेग्युलेटरच्या ठरलेल्या दाबाखाली गेला असेल, तर वेग पडणारच. हवा भरा, प्रश्न संपला. मग सलग दहा शॉट मोजा, पंधरा मिनिटं थांबा आणि पुन्हा एक मारा. सलग शॉट एकसारखे आणि थांबल्यानंतरचा पहिलाच वेगळा, असं दिसलं तर सीट नीट बंद होत नाही. मधल्या वेळात हवा झिरपून पुढचा दाब चढतो. असा शॉट बहुधा जास्त वेगाने जातो. पण दाब फारच चढला, तर छर्ऱ्यामागे हवा सोडणारी झडप तिच्यावर आदळणाऱ्या हॅमरला पुरती उघडता येत नाही आणि वेग उलट घटतो. रेग्युलेटरच्या बारीक छिद्रातून सुस्कारा ऐकू आला, तर पिस्टनवरची ओ-रिंग गेली समजा.

सीट खराब होते ती बहुतेक वेळा कचऱ्यामुळे. धातूचा एखादा कण, नाहीतर हातपंपाने भरलेल्या हवेतला ओलावा. पुण्याच्या पावसाळ्यात ही ओल सांभाळावीच लागते; कोरडी हवा देणाऱ्या टाकीवरून भरणं केव्हाही चांगलं. रेग्युलेटर उघडण्याआधी रायफलमधली सगळी हवा काढलेली हवी, आणि हा हात शिकलेल्या माणसाचाच असावा. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस चालतं. खनिज तेल मात्र अजिबात नको. उच्च दाबाच्या हवेत ते पेट घेऊ शकतं.

रेग्युलेटरच्या स्क्रूने चकत्यांवरचा ताण वाढवला की दाब वाढतो. माझ्या मते दोष सापडेपर्यंत त्या स्क्रूला हातच लावू नये. गळकी सीट ठेवून दाब जुळवला, तर तो आठवडाभरात पुन्हा सरकतो. आधी सीट आणि रिंगा बदलाव्यात, दाब कंपनीने दिलेल्या आकड्यावर ठेवावा. सोय असेल तर मग हॅमर स्प्रिंग थोडी थोडी कसावी. वेग वाढायचा थांबतो तिथून किंचित मागे यावं. नवी सीट बसायला काही शॉट जावे लागतात, म्हणून स्पर्धेच्या आदल्या दिवशी हे काम काढू नये. दुरुस्तीनंतरचे वेग तारखेनिशी वहीत उतरवावेत आणि शेजारीच सिलिंडरवर छापलेली मुदत लिहावी: मुदत उलटलेला सिलिंडर स्पर्धेला चालत नाही, आणि ते पाहण्याची जबाबदारी नियमाप्रमाणे नेमबाजावरच असते.