एसएमपीएसचे वॅट : माप पूर्ण भरते का?

औंढा नागनाथसारख्या तालुक्याच्या गावातही आता डेस्कटॉप काही नवलाची वस्तू राहिलेली नाही. कुणी त्यावर लग्नपत्रिका जुळवतो, कुणी शादीचे व्हिडिओ एडिट करतो, कुणाचा मुलगा डिझाइन शिकतो. काम वाढले, संगणक अडखळू लागला की घरात मागणी होते, "अब्बू, ग्राफिक्स कार्ड टाकू या." मग हिंगोली किंवा नांदेडहून कार्ड येते. सगळा पैसा कार्डावर जातो आणि त्याला वीज देणारा एसएमपीएस मात्र जुनाच राहतो. पुढे काम ऐन रंगात आले की संगणक अचानक बंद पडतो. कधी एसएमपीएस जळतो आणि जाताना सोबत मदरबोर्डही नेतो.

माप-तोलात कमी देणाऱ्यांविषयी कुरआनात 'अल्-मुतफ्फिफीन' ही स्वतंत्र सूरह आहे. हजरत शुऐब (अलै.) यांनी मदयनच्या लोकांना याच गोष्टीपासून रोखले होते. माप फक्त धान्याचे आणि कापडाचे नसते. वॅट हेही एक मापच आहे आणि ते तपासून घेणे ग्राहकाच्या हाती आहे.

एसएमपीएस भिंतीतली २३० व्होल्टची वीज १२, ५ आणि ३.३ व्होल्टमध्ये बदलतो. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर मुख्यतः १२ व्होल्टवर चालतात. म्हणून बाजूच्या स्टिकरवरचा मोठा आकडा सोडा आणि १२ व्होल्टसमोरचे अँपिअर वाचा. समजा, वर '४५० वॅट' लिहिले आहे, पण १२ व्होल्टसमोर १६ अँपिअर आहेत. १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. कार्डाच्या कामाचे माप तेवढेच! चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसमध्ये हाच आकडा ४५ अँपिअरच्या आसपास, म्हणजे सुमारे ५४० वॅट असतो.

आता हिशोब करू. आरटीएक्स ३०६० हे कार्ड १७० वॅट घेते. प्रोसेसर जोरात चालला तर १२० वॅट धरा. मदरबोर्ड, डिस्क, पंखे मिळून ५०. बेरीज ३४०. कार्ड क्षणभर याहून जास्त ओढते, म्हणून जागा मोकळी हवी. एनव्हिडिया कंपनी या कार्डासाठी ५५० वॅटची शिफारस करते, ती यामुळेच. मोठा एसएमपीएस घेतला म्हणून वीजबिल वाढत नाही. तो लागेल तेवढीच वीज घेतो. पण एवढ्या कामासाठी हजार वॅटचा घेणे हा इस्राफ झाला. '८० प्लस ब्राँझ'ची खूण विजेची बचत सांगते. एसएमपीएस किती टिकेल हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी वॉरंटी पाहा. चांगल्या कंपन्या पाच वर्षे किंवा त्याहून जास्त देतात.

जोडणीतही सावध राहावे. मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला ७५ वॅट देतो, सहा पिनची वायर आणखी ७५ आणि आठ पिनची १५० वॅट. आठ पिनची वायर नसेल तर हार्ड डिस्कच्या साटा वायरला कन्व्हर्टर लावून काम भागवू नका. ती वायर १२ व्होल्टवर ५४ वॅटसाठीच बनलेली असते. जास्त भाराने वितळून आग लागू शकते. एका एसएमपीएसच्या सुट्या वायर दुसऱ्याला लावू नयेत. प्लग बसला तरी आतली जुळणी वेगळी असू शकते. डबा घरी उघडू नये, प्लग काढल्यावरही आत वीज साठलेली असते.

ऑफिसातून निघालेल्या काही जुन्या ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये बाजारातला साधा एसएमपीएस बसत नाही. तिथे स्लॉटच्याच विजेवर चालणारे कार्ड बरे. आरटीएक्स ३०५० चे सहा जीबीचे ७० वॅटचे मॉडेल त्यातलेच. घेताना कार्डाला वेगळी वायर लागत नाही, हे पाहून घ्या.

वीज जाते म्हणून यूपीएस असतोच. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. वरच्या हिशोबातला संगणक पूर्ण भारावर भिंतीतून सुमारे ४०० वॅट ओढेल, म्हणजे वीज जाताच तोही बंद! अशा संगणकाला किमान १००० व्हीएचा यूपीएस हवा. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर आधी इलेक्ट्रिशियनकडून घराची अर्थिंग तपासून घ्या. घरात लहान मुले असतील तर एक दिवसही थांबू नका.

पैसे मोजके असतील तर कार्ड एक पायरी खालचे घ्या, एसएमपीएसमध्ये काटछाट करू नका. बिल पक्के घ्या आणि त्यावर मॉडेल नंबर लिहून घ्या. आपल्यातले जे भाऊ संगणकाच्या धंद्यात आहेत, त्यांनी ग्राहक न विचारताही स्टिकर फिरवून १२ व्होल्टचा आकडा दाखवावा. पूर्ण माप देणाऱ्याच्या कमाईत बरकत असते.