पोटॅशियम क्लोराइड : रेणू नसलेले संयुग

शेतकरी ज्या खताला ‘म्युरेट ऑफ पोटॅश’ किंवा नुसते ‘पोटॅश’ म्हणतो, त्याचे तांबूस अथवा पांढरे दाणे म्हणजे मुख्यत्वे पोटॅशियम क्लोराइड होय. तांबूस छटा लोहाच्या अशुद्धीमुळे येते; शुद्ध स्फटिक मिठासारखे वर्णहीन असतात. त्याच्या घटकांचा स्वभाव मात्र अगदी निराळा आहे. पोटॅशियम हा सुरीने कापता येण्याइतका मऊ धातू असून, पाण्याशी त्याचा संयोग होताच बाहेर पडणारा हायड्रोजन पेट घेतो. क्लोरीन हा हिरवट-पिवळा विषारी वायू असून १९१५ साली, पहिल्या महायुद्धात, तो शस्त्र म्हणून वापरला गेला. अशा दोन घातक द्रव्यांपासून पिकांचे पोषण करणारे खत कसे बनते?

याचे उत्तर इलेक्ट्रॉनांच्या मांडणीत आहे. पोटॅशियमच्या अणूतील १९ इलेक्ट्रॉन २, ८, ८, १ अशा कवचांत, तर क्लोरीनचे १७ इलेक्ट्रॉन २, ८, ७ असे विभागलेले असतात. पोटॅशियम आपला शेवटचा इलेक्ट्रॉन क्लोरीनला देतो. मग दोघांजवळही १८ इलेक्ट्रॉन, म्हणजे आर्गॉन या निष्क्रिय वायूसारखी स्थिर रचना होते. पोटॅशियमवर धनभार व क्लोरीनवर ऋणभार येतो. अशा भारित कणांना ‘आयन’ म्हणतात.

या संयुगाच्या सूत्रात दोहोंचा एकेक अणू दाखवितात. त्यावरून त्यांच्या जोड्या, म्हणजे स्वतंत्र रेणू, असावेत असे वाटते. परंतु स्फटिकात तसे रेणू नसतात. प्रत्येक पोटॅशियम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन, आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा पोटॅशियम आयन असतात. सूत्र केवळ त्यांचे प्रमाण सांगते. ही रचना लॉरेन्स ब्रॅग यांनी १९१३ साली क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली. क्ष-किरण इलेक्ट्रॉनांमुळे विखुरतात. दोन्ही आयनांत १८ इलेक्ट्रॉन असल्याने ते त्या किरणांना जवळजवळ सारखेच भासले. मिठातील सोडियम आयनात मात्र १० इलेक्ट्रॉन असतात. दोन्ही स्फटिकांची तुलना केल्यावर खरी मांडणी स्पष्ट झाली.

विरुद्ध भारांचे आकर्षण प्रबळ असल्यामुळे हा पदार्थ सुमारे ७७० अंश सेल्सियसला वितळतो. घन स्थितीत आयन जागचे हलू शकत नाहीत, म्हणून त्यातून वीज वाहत नाही. वितळल्यावर किंवा पाण्यात विरघळल्यावर मात्र वाहते.

खाणीत हे संयुग बहुधा मिठात मिसळलेले सापडते. १०० ग्रॅम पाण्यात २० अंशांस सुमारे ३४ ग्रॅम, तर १०० अंशांस सुमारे ५६ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड विरघळते. मिठाचे प्रमाण मात्र ३६ वरून जेमतेम ३९ ग्रॅमवर जाते. म्हणून उष्ण संपृक्त द्रावण निवविले असता पोटॅशियम क्लोराइडचे स्फटिक वेगळे होतात.

शेतातील ओलाव्यात विरघळताच दोन्ही आयन सुटे होतात. मातीचे ऋणभारित कण पोटॅशियम धरून ठेवतात व मुळे ते शोषून घेतात. क्लोराइड पाण्याबरोबर सहज वाहून जाते. तंबाखूत क्लोराइड अधिक झाल्यास पानाचा जळण्याचा गुण बिघडतो, म्हणून त्या पिकास पोटॅशियम सल्फेट देणे इष्ट ठरते. पेट घेणारा धातू आणि पिकास पोसणारा आयन यांत अंतर आहे ते अवघ्या एका इलेक्ट्रॉनाचे.