पान उघड्यावर की कंपनीच्या आत?

सार्वजनिक संकेतस्थळ आणि कंपनीचं इंट्रानेट यांचं तंत्र एकच: तोच ब्राउझर, तीच एचटीएमएल पानं. फरक पोहोचण्याच्या वाटेत असतो. १० किंवा १९२.१६८ ने सुरू होणारे आयपी पत्ते खासगी जाळ्यांसाठी राखलेले आहेत. इंटरनेटवरचे राउटर अशा पत्त्यांसाठीची माहिती पुढे पाठवत नाहीत. इंट्रानेटचं पान अशा पत्त्यावर असेल, तर बाहेरच्याला ते थेट गाठता येत नाही. तरी एवढ्यावर विसंबू नये. व्हायरस शिरलेला एखादा लॅपटॉप आतच बसलेला असू शकतो, म्हणून लॉगिन तिथेही हवंच.

पगारपत्रकं आत ठेवावीत. ग्राहकाला लागणारे दर, तक्रारीचे नियम मात्र उघड्यावरच हवेत. ते दडवणं अन्यायाचं आहे. वेबसुद्धा आधी सर्न या युरोपीय संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांपुरतं होतं. ऑगस्ट १९९१ मध्ये वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी ते बाहेरच्यांसाठी जाहीर केलं.